आमच्या आखाड्याला नाव कसं मिळालं

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी विचारलं, आखाड्याची नोंदणी कशी केलीत, वकील लागतो का, नाव मंजूर व्हायला किती दिवस लागतात. दरवेळी फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं जातं आणि नेमकी कामाची गोष्ट राहून जाते. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. कुणी तालीम, लेझीम पथक किंवा कराटेचा वर्ग नोंदवायला निघालं असेल, तर त्यांना थोडा धीर येईल.

आधी आखाड्याबद्दल. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळ. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सुवर्णदुर्ग. आमचे वस्ताद तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते आणि पाळी सुटली की तिथल्या व्यायामशाळेत जायचे. लाठीकाठी, फरीगदगा (ढाल आणि काठीचा खेळ), दांडपट्टा (लांब, लवचिक पात्याची तलवार) असे सगळे मर्दानी खेळ तिथेच शिकले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे कोकणातले हजारो गिरणी कामगार गावी परतले, त्यांत तेही आले. भातशेती थोडी, हाताला काम नाही. संध्याकाळी गावातल्या पोरांना काठी फिरवायला शिकवू लागले, ते आजतागायत. मी पाचवीत असताना गेले आणि तिथलीच झाले. आता लहान मुलांची तुकडी मी घेते.

वर्ग भरतो तो पुळणीवर. ओहोटीचं पाणी मागे गेलं की जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तिच्यावर. त्यामुळे वर्गाची वेळ घड्याळावर ठरत नाही. ओहोटी रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, तसा वर्गही सरकतो. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला लांबरुंद मैदान मिळतं, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत, पट्टी अरुंद होते, तेव्हा फक्त पवित्रे (पाय टाकण्याच्या पद्धती) आणि एकेरी काठी. ओल्या वाळूवर शिकवण्याचं कारण मात्र जागेच्या टंचाईचं नाही. पवित्रा झाला की वस्ताद मुलाला बाजूला व्हायला सांगतात आणि त्याच्या पावलांचे ठसे बघतात. टाच खोल रुतलेली असली म्हणजे वजन मागे राहिलं. चवड्यापुढे वाळू खरवडलेली दिसली म्हणजे पाय उचललाच नाही, घासत नेला. मागचं पाऊल पार आडवं पडलं असेल तर कंबर फिरली नाही, आणि कंबर फिरली नाही तर पट्ट्याचा हात पूर्ण येत नाही. हे सगळं ते बोटाने दाखवतात, आवाज चढवत नाहीत. मूल स्वतःचं पाऊल स्वतः बघतं आणि पुढच्या खेपेला सुधारतं. मी नंतर इतर ठिकाणचे चांगले वर्ग पाहिले, पण शिकवण्याची ही रीत मला दुसरीकडे दिसली नाही.

इतकी वर्षं नावाची गरज पडली नव्हती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि काठ्या, फऱ्या, पट्टे ठेवायची आमची पत्र्याची खोपी उडाली. सामान वस्तादांच्या पडवीत गेलं. गावच्या मुंबईकर मंडळाची नवी खोपी बांधून द्यायची तयारी होती, पण त्यांच्या खजिनदारांनी रास्त प्रश्न विचारला, पावती कोणाच्या नावाने? माझ्या किंवा वस्तादांच्या खात्यात लोकांचे पैसे घ्यायचे नाहीत यावर आम्ही दोघं ठाम होतो. ते काम तिथेच थांबलं.

मग फेब्रुवारी 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. एकदम विचारणा वाढली. कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली आणि प्रत्येक ठिकाणी पत्रिकेवर आमचं नाव वेगळं. कुठे ‘दापोलीचं पथक’, कुठे ‘हर्णै ग्रुप’. एका कार्यक्रमात तर मुलांच्या प्रमाणपत्रांवर दुसऱ्याच गावाचं नाव छापलेलं होतं. मुलांनी ती प्रमाणपत्रं घरी नेली, पण भिंतीवर एकानेही लावलं नाही. ते पाहिल्यावर मी ठरवलं की या शिमग्याला विषय काढायचा.

त्या वर्षी होळी 24 मार्चला होती. चाकरमानी गावात आलेले, पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या चौथऱ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच बसलो. नावं भराभर आली. तरुण मुलांना छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव हवं होतं. मोठ्यांचं म्हणणं, ग्रामदेवतेचं नाव द्या. मला मनापासून वाटत होतं की वस्तादांचं नाव द्यावं. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाले, “माजा नाव नको गो. मी ज्याच्याकडं शिकलो त्या वस्तादाचा नाव कुठं कोणी लावलान?” शेवटी ‘सुवर्णदुर्ग’ या नावावर सगळ्यांचं एकमत झालं. किल्ला समोर दिसतो, आंग्र्यांच्या आरमाराचा इतिहास त्याच्याशी जोडलेला, कुणाला काही वावगं वाटण्याचं कारण नव्हतं.

वकिलाची सक्ती नाही, पण आम्ही दापोलीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो आणि ते बरं झालं. त्यांनी आधी नावांची यादीच मागितली. महाराजांच्या नावाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं. 1950 चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत महाराजांचं नाव आहे, आणि धंदा-व्यवसायासाठी ते केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपला वर्ग धंदा नाही हे खरं, पण उद्या फी घेतली, टी-शर्ट छापले, तर वाद नको. पोरांचे चेहरे उतरले, तरी कारण पटलं. ग्रामदेवतेच्या नावाने देवस्थानची आधीच नोंद झालेली, त्यामुळे त्यांची संमती, मग सारखेपणाचा प्रश्न. ‘राष्ट्रीय’, ‘महाराष्ट्र राज्य’ असे शब्दही टाळा म्हणाल्या, कारण सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असं नाव संस्थेला मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, आम्हाला ती कळायला वेळ लागला. महाराष्ट्रात आपल्यासारख्या मंडळाची नोंद दोन कायद्यांखाली होते. आधी संस्था नोंदणी अधिनियम 1860, आणि मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच, पण प्रमाणपत्रं दोन आणि क्रमांकही दोन. पहिलं हातात आलं म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात आणि पुढे बँकेत किंवा अनुदानाच्या अर्जाला अडतात. संस्थेला किमान सात सभासद लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद घेऊन जिल्ह्याला जायचं.

एप्रिलमध्ये ‘सुवर्णदुर्ग’ नावाने अर्ज भरला. आमच्याकडून रत्नागिरी लांब. खेड-चिपळूणवरून एसटीने गेलं तर अख्खा दिवस जातो. मी आणि आमचा एक सभासद स्कूटरवरून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. दाभोळला फेरीबोटीत चढायचं, धोपाव्याला उतरायचं, गुहागरवरून तवसाळ, तिथून पुन्हा फेरीबोटीने जयगड, आणि मग गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी. उन्हाळ्यात हा रस्ता सुंदर आहे, पण कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या. बोटीत वाऱ्याबरोबर खारं पाणी येतं आणि स्टॅम्पवरची शाई पसरते.

लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस होते, आमच्याकडे मतदान 7 मे ला. कर्मचारी निवडणुकीच्या कामावर, त्यामुळे थोडं थांबावं लागलं. मग कळलं की याच नावाशी मिळतीजुळती नोंद आधीपासून आहे, दुसरं नाव द्या. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं की नुसतं पुढे ‘मर्दानी खेळ’ जोडल्याने नाव वेगळं होत नाही, मुख्य शब्द वेगळा पाहिजे. तुम्ही अर्ज करणार असाल तर हे आधीच करा. किल्ला, नदी, देव, थोर पुरुष यांची नावं जिल्ह्यात कुणीतरी आधीच घेतलेली असण्याची शक्यता मोठी. निदान तीन नावं ठरवून जा, आणि ती तिन्ही सभेच्या ठरावात लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक वेळी नवी सभा, नवा ठराव, नव्या सह्या.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. परत येताना फेरीबोटीत मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांचं काम असलेल्या माणसाला एक नाव मिळू नये, असं सारखं मनात येत होतं.

मे महिन्यात आंब्याच्या निमित्ताने मुंबईकर पुन्हा आले तेव्हा दुसरी बैठक लावली. ‘पुळण’ हे नाव मी मांडलं. खरं तर मी शोधलं असं काही नाही. वस्तादांच्या जुन्या हजेरीच्या वह्या, आईबापांचे फोन, पोरांचे निरोप, सगळीकडे तोच शब्द होता. ‘पुळणीवर गेलाय’, ‘पुळणीवरून आली की जेवते’. पण नाव मांडल्यावर विरोध झाला, आणि तो जोरदार झाला. आमच्याबरोबर शिकलेला, आता डोंबिवलीत राहणारा एक जण म्हणाला, “ताई, हे घरगुती जेवणाच्या हॉटेलचं नाव वाटतं. मर्दानी खेळ आहे, नावात दम पाहिजे. सरखेल ठेवा.” कान्होजी आंग्र्यांची पदवी म्हणून ‘सरखेल’ बऱ्याच जणांना आवडलं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

माझं म्हणणं मी मांडलं. आमच्याकडे कोळीवाड्यातली मुलं येतात, कुणबीवाडीतली येतात, मोहल्ल्यातली येतात. निम्म्या मुली आहेत. पुळण कोणा एका वाडीची नाही. तिथे सगळे चपला काढून एका ओळीत उभे राहतात. आणि नावात दम असण्यापेक्षा मुलाच्या पायात असलेला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हर्णैच्या लिलावात मासळी घेणाऱ्या एक ताई, ज्यांच्या दोन मुली आमच्याकडे शिकतात, त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “आमची पोरं रोज जातात कुठं? पुळणीवर. मग दुसरं नाव ठेवून काय, पत्ता बदलायचाय?” त्यानंतर हात वर करून मत घेतलं. ‘पुळण’ला बहुमत मिळालं, ‘सरखेल’ दुसरा पर्याय, आणि तिसरा पर्याय गावाच्या नावाचा. डोंबिवलीच्या मित्रानेच ठराव लिहिला आणि सूचक म्हणून सही केली. वस्ताद पूर्ण वेळ बसून होते. शेवटी एवढंच म्हणाले, “बरा हाय.”

पूर्ण नाव ठरलं ‘पुळण मर्दानी खेळ प्रशिक्षण मंडळ’.

मग खरी कागदांची कामं. सातही सभासदांचे फोटो, आधार, पॅन, सह्या. आमचा एक सभासद मुंबईला, त्याच्या सह्यांसाठी कागद पाठवायचे, मग एक सही राहिली म्हणून त्याला खेडपर्यंत रेल्वेने यावं लागलं. त्यामुळे पहिले सात सभासद शक्यतो गावात राहणारेच घ्या, मुंबईकरांना पुढे सभासद करता येतं. पत्त्याचा प्रश्न आमच्या बाबतीत वेगळाच निघाला. वर्ग पुळणीवर भरतो, पण पुळणीचा पत्ता देता येत नाही. वस्तादांचं घर दिलं, तर घरपट्टी अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर. ग्रामपंचायतीचा दाखला आणि घरातल्या सगळ्यांचं संमतीपत्र जोडावं लागलं. हे घर ज्यांचं आहे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून घ्या, कारण नोंदणीचा पत्ता म्हटलं की माणसांना वाटतं जागा संस्थेची होणार. तसं होत नाही, तो फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना उद्देशांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तयार नमुन्यांत शिक्षण, आरोग्य, वृक्षारोपण, सामुदायिक विवाह असं सगळं कोंबलेलं असतं. आम्ही ते काढून टाकलं आणि जे करतो तेवढंच लिहिलं. शस्त्रांबद्दल स्वतंत्र कलम घातलं. सरावाला माणग्याची (बांबूची) काठी, लाकडी आणि चामड्याची फरीगदगा, आणि धार नसलेला पट्टा, एवढंच वापरलं जाईल. सामान कुलपात राहील. अठरा वर्षांखालच्या मुलांनी पट्टा वस्तादांच्या समोरच धरायचा. ही यादी एका पत्रासोबत पोलीस ठाण्याला दिली आणि पोच घेतली. ते कुणी मागितलं नव्हतं, पण पुढे एका शाळेने कार्यक्रमाआधी विचारलं तेव्हा ती पोच कामाला आली.

आणि नावाचं टायपिंग. जुन्या फॉन्टमधून नव्या फॉन्टमध्ये मजकूर बदलताना ‘पुळण’चं एका जागी ‘पुलन’ झालं आणि दुसऱ्या जागी ‘पुळन’. वकीलबाईंनी पकडलं म्हणून वाचलं. प्रत्येक पानावरचं नाव बोट ठेवून वाचा, शक्यतो ज्याने टाइप केलं नाही त्याने वाचावं. इंग्रजी स्पेलिंगही त्याच वेळी ठरवून एका कागदावर लिहून ठेवा. पॅनवर आणि बँकेत तेच अक्षर न अक्षर लागतं.

जूनमध्ये नवा अर्ज गेला. पावसाळ्यात किनाऱ्याचा रस्ता सोडला आणि एसटीनेच ये-जा केली. पावसाळ्यात पुळणीवर वर्गही नसतो. समुद्र खवळलेला, वाळू वाहून गेलेली, तेव्हा देवळाच्या सभामंडपात फक्त सूर्यनमस्कार आणि काठी. त्या दिवसांत वाट बघणं जड गेलं. संकेतस्थळावर अर्जाची स्थिती बघायची सवय लागली होती. त्रुटी निघाली ती एकच, एका सभासदाचं आधारवरचं आणि पॅनवरचं नाव जुळत नव्हतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं. प्रतिज्ञापत्र करून दिलं. महिला सभासद असतील तर हे आधीच तपासून ठेवा, ऐन वेळी नोटरी शोधत फिरावं लागत नाही.

गणपती 7 सप्टेंबरला होते. त्याच्या थोडं आधी संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. कागदावर नाव बरोबर छापलेलं होतं, ळ सुद्धा आणि ण सुद्धा. मी ते कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथूनच वस्तादांना फोन केला. त्यांनी विचारलं, जेवलीस काय? दसऱ्याला शस्त्रपूजेत प्रमाणपत्राची झेरॉक्स काठ्यांशेजारी ठेवली. मूळ प्रत मी लॅमिनेट करू दिली नाही. पुढे कुठे शिक्का किंवा नोंद लागली तर लॅमिनेट केलेल्या कागदावर ती करता येत नाही.

दुसऱ्या कायद्याखालच्या नोंदणीला आणखी वेळ लागला. तिथे चौकशी असते, हरकती असतील तर त्या ऐकल्या जातात, आणि विधानसभेची निवडणूकही मध्ये आली. हरकत कुणाची आली नाही. जानेवारी 2025 मध्ये विश्वस्त व्यवस्था म्हणून क्रमांक मिळाला. त्यानंतर संस्थेचं पॅन, मग बँक खातं. खातं उघडताना पुन्हा ठराव लागतो, कोणत्या दोघांच्या सहीने पैसे निघतील याचा. तो ठराव पहिल्याच सभेत करून ठेवला असता तर चाललं असतं, असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, तुम्ही तसं करा.

खर्चाचं बरेच जण विचारतात. वकीलबाईंची फी, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, पेट्रोल, फेरीबोट, एसटी, चहा-जेवण धरून आमचे साधारण साडेनऊ हजार गेले. सरकारी शुल्क आणि कोर्ट फी स्टॅम्पांचा वाटा त्यात सगळ्यात कमी. रत्नागिरीजवळ राहणाऱ्यांचं बरंच कमी पैशांत होईल. पैसे सभासदांनी वर्गणी काढून घातले. मुलांकडून यासाठी काही घेतलं नाही. कुणी एकरकमी मोठी रक्कम मागून ‘सगळं करून देतो’ म्हणालं तर आधी कशाकशाचे किती ते लिहून मागा.

विश्वस्तांत पुढे बदल झाला, कुणी सोडून गेलं, पत्ता बदलला, तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षं हे न केल्यामुळे जुन्या व्यायामशाळा कागदावर अडकून पडल्याची उदाहरणं वकीलबाईंनी सांगितली. शेवटचा नोंदलेला अध्यक्ष कधीच वारलेला, आणि खातं चालवायला कुणी अधिकृत माणूस नाही. आम्ही घटनेच्या मागच्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं आहे.

मुंबईकर मंडळाची पहिली देणगी संस्थेच्या नावाने जमा झाली आणि खोपीला पत्रे चढले. या वेळी पत्रे खालून लोखंडी पट्ट्यांनी आवळले आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे व्यायामशाळेच्या अनुदानासाठी अर्ज दिला आहे, त्याचं काय होतं ते यथावकाश कळेल. 31 मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत हिशेब तपासून घ्यावे लागतात, म्हणून पावतीपुस्तक आणि खर्चाची वही पहिल्या पावतीपासून वेगळी ठेवली आहे. बारावी कॉमर्सची एक मुलगी पट्टा शिकते आहे, वही तिने मागून घेतली.